पाटणच्या शिळेवर नसलेले समीकरण

चाळीसगावच्या नैऋत्येला, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटण नावाचे जुने गाव आहे. तिथल्या भवानीच्या देवळातला एक शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला. पुढे १८९२ मध्ये कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांची विद्या पुढे चालावी म्हणून त्याने इथे मठ काढला, आणि खानदेशावर राज्य करणाऱ्या निकुंभ वंशातल्या सोइदेव व हेमाडिदेव या मांडलिकांनी त्या मठाला उत्पन्न लावून दिले, एवढी हकीगत त्यात आहे. त्रिविक्रमापासून महेश्वरापर्यंतचे पूर्वज, मग भास्कर, मुलगा लक्ष्मीधर, नातू चांगदेव अशी वंशावळ आहे. यादवांची आणि निकुंभांची स्तुती आहे. शेवटच्या काही ओळी तर त्या काळच्या मराठीत आहेत. इतके सगळे असताना गणित मात्र या लेखात कुठेच नाही. एखादा नियम नाही, उदाहरण नाही, समीकरण नाही. ज्या माणसाने दोन अज्ञातांची, वर्गांची, घनांची समीकरणे मांडली त्याच्या विद्येसाठी दगड कोरला गेला, आणि दगडावर त्या विद्येचे एक अक्षर आले नाही.

याचा सोपा अर्थ असा लावला जातो की आपल्याकडे विद्येपेक्षा कुळाचे कौतुक अधिक, आणि शिलालेख म्हणजे राजेलोकांची आरती. त्यात तथ्य नाही असे नाही. पण लेख नीट वाचला तर त्यातून दुसरेच काही निघते. समीकरण जपून ठेवायचे ते एका रूपात आणि दाखवायचे ते दुसऱ्याच, ही त्या काळची रीत होती. पहिल्या रूपाला पाठांतर पुरे होई. दुसऱ्याला जागा लागे, पाटी लागे, आणि मांडून दाखवणारा माणूस लागे. पाटणच्या दगडाने या माणसाच्या पोटाची सोय केली. गणित दाखवण्याचा खर्च त्यावर कोरला आहे, आणि खर्च कोरणे गरजेचे होते, कारण बाकीचे सगळे कोरल्याविनाही टिकणारे होते.

जपायचे रूप म्हणजे श्लोक. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. नियम श्लोकात, उदाहरण श्लोकात, इतकेच काय, स्वतःचे जन्मवर्षही श्लोकात. रस म्हणजे सहा, गुण म्हणजे तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे एक, आणि हे आकडे उजवीकडून डावीकडे वाचले की शके १०३६. यावरूनच बाहेरच्यांचा एक जुना समज झाला की भारतीयांना गणिताची चिन्हे ठाऊक नव्हती, ते सगळे शब्दांत आणि कवितेत सांगत. हा समज खोडायला ‘बीजगणित’ उघडले की पुरते. श्लोकातले उदाहरण संपले की पोथीत ‘न्यासः’ असा शब्द येतो, आणि त्याच्यापुढे आकडे व अक्षरे चक्क मांडलेली असतात. अज्ञात राशीला यावत्तावत्, थोडक्यात ‘या’. दुसरी अज्ञात राशी काळी, ‘का’; तिसरी निळी, ‘नी’; पुढे पिवळी आणि तांबडी. वर्गाला ‘व’, घनाला ‘घ’, दोन अज्ञातांच्या गुणाकाराला ‘भा’, करणीला ‘क’, आणि सुट्या ज्ञात संख्येला ‘रू’. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. ही सगळी सोय बोलण्याची नव्हे, डोळ्यांनी पाहण्याची आहे.

त्यातले घोड्यांचे उदाहरण घेऊ. एका माणसाजवळ सहा घोडे आणि तीनशे नाणी आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, पण शंभर नाण्यांचे कर्ज आहे. दोघांची मालमत्ता सारखीच आणि घोडे सगळे एकाच किमतीचे, तर एका घोड्याची किंमत काय? पोथीत ते असे मांडतात:

या ६ रू ३००
या १० रू १००

दुसऱ्या ओळीतल्या शंभरावर टिंब असते. साध्या देवनागरी टंकात ते आजही नीट उमटत नाही, म्हणून इथे शब्दांत सांगावे लागते. आठशे वर्षांनंतरची ही गैरसोय पुढच्या विवेचनाला उपयोगीच पडेल. मधे बरोबरीचे चिन्ह नाही. एक पक्ष वर, दुसरा खाली, आणि ‘या’खाली ‘या’, ‘रू’खाली ‘रू’. एखाद्या पक्षात एखादे पद नसेल तर तिथे शून्य घालून रांग भरून काढत, म्हणजे स्तंभ सरकत नाहीत. मग एका पक्षातले अज्ञात दुसऱ्यातून वजा करायचे आणि ज्ञात उलट बाजूने वजा करायचे. दहातून सहा गेले, उरले चार. तीनशेतून उणे शंभर वजा केले, झाले चारशे. चाराने चारशेला भागले की घोडा शंभराला. युरोपात रेकॉर्डने बरोबरीचे चिन्ह १५५७ मध्ये वापरले आणि देकार्तने अज्ञातासाठी वर्णमालेतली शेवटची अक्षरे १६३७ मध्ये रूढ केली. भास्कराचार्य त्याआधीचे, म्हणून फुशारकी मारण्यात हशील नाही. अज्ञातासाठी चिन्ह वापरणारा ग्रीक डायोफँटस भास्कराचार्यांच्याही कितीतरी आधीचा. सांगायचे इतकेच की पाटणच्या मठात जे शिकवले जात होते त्याला मांडणीची स्वतःची, वर-खाली आणि आडवी-उभी अशी दृश्य भाषा होती.

मग ती भाषा दगडावर का नाही? तिचा मूळ मुक्काम पाटीवर होता. अंकगणिताला पाटीगणित म्हणत आणि पाटीवरच्या कृतीला धूळकर्म. धुळीवर मांडायचे, एक पायरी झाली की आधीची पुसायची आणि वरचेच आकडे बदलत जायचे. समीकरण ही अशी वस्तू आहे की सोडवताना ती क्षणोक्षणी बदलते. तिची एक अवस्था कोरून ठेवली तर ती अडकलेली अवस्था होईल. इथे कोणी खजुराहोचा दाखला देईल, आणि तो द्यायलाच हवा. तिथल्या पार्श्वनाथाच्या जैन देवळात चार बाय चारचा कोरीव चौकोन आहे. आडवी, उभी, तिरकी, कोणतीही रांग घ्या, बेरीज चौतीस. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज देवळात इसवी सन ८७६ च्या लेखात शून्यासह आकडे कोरले आहेत. म्हणजे दगडाला गणिताचे वावडे नव्हते. पण खजुराहोचा चौकोन ही पुरी झालेली गोष्ट आहे. तो पाहायचा, बेरजा करून चकित व्हायचे, आणि चौकोन होता तसाच राहतो. ग्वाल्हेरचे आकडे तर दानाचा तपशील सांगतात. घोड्यांचे समीकरण मात्र सोडवेपर्यंतच समीकरण असते. सुटले की उरतो तो भाव. कोरायचेच झाले तर कोणती पायरी कोरणार?

जपायचे रूप श्लोकातच का ठेवले, हा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. पाठांतराची सोय, हे उत्तर सगळेच देतात. दुसरे उत्तर नक्कल करणाऱ्याच्या हातात आहे. पोथ्या हाताने उतरवल्या जात, आणि ज्याला गणित येते असाच माणूस उतरवायला बसे असे नाही. वरच्या मांडणीत शंभरावरचे टिंब एखाद्या लेखकाकडून राहिले, तर दुसऱ्या माणसाचे कर्ज त्याची पुंजी होते. मग तीनशेतून शंभर वजा होऊन दोनशे उरतात, चाराने भागून घोडा पन्नासाला पडतो, आणि उत्तर पूर्णांकात आल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. श्लोकात मात्र ऋण हा शब्द शब्दानेच आलेला असतो. तो गाळला तर वृत्त मोडते, आणि श्लोक तोंडपाठ असलेल्याच्या कानाला ते ताबडतोब खटकते. मांडणी चुकू शकते, श्लोक सहसा चुकू देत नाही. म्हणून पोथीतली मांडणी कितीही बिघडली तरी जाणत्या शिक्षकाला श्लोकावरून ती पुन्हा उभी करता येई. श्लोकाचा हेतू गूढता होता, विद्या लपवायची होती, असा आक्षेप घेतला जातो. लपवायची असती तर भास्कराचार्यांनी गणिताध्याय आणि गोलाध्याय यांवर स्वतःच गद्य भाष्य लिहून नियमांमागची उपपत्ती उलगडली नसती.

आकड्यावर विसंबणे किती धोक्याचे, याचा पुरावा खुद्द पाटणच्या शिळेवर आहे. सोइदेवाच्या दानाचा काळ देताना तिथे शके ११२८ हा आकडा, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण अशा चार खुणा आहेत. नेहमीच्या हिशेबाने शके ११२८ चा श्रावण इसवी सन १२०६ मध्ये पडतो. पण दक्षिणेकडच्या गणनेत प्रभव संवत्सर १२०७ मध्ये येतो, आणि श्रावणी पौर्णिमेचे ग्रहणही त्याच वर्षीचे. अभ्यासकांनी ९ ऑगस्ट १२०७ हा दिवस धरला तो संवत्सराच्या नावावर आणि ग्रहणावर भरवसा ठेवून. ज्योतिष्यांच्या घराण्याच्या लेखात शकाचा आकडाच एका वर्षाने मागे, ही गंमत सोडता येत नाही. आकडा एकटा असता तर आपण चुकीच्या वर्षात बसलो असतो. नाव आणि आकाशातली घटना सोबत होती म्हणून तो दुरुस्त झाला.

आता दानाकडे. संस्कृत भागातला कळीचा मुद्दा असा की सिद्धान्तशिरोमणि आदी भास्कराचार्यांचे ग्रंथ आणि त्यांच्या वंशजांचे ग्रंथ या मठात नियमाने विवरण करून सांगितले जावेत. ग्रंथ जतन करावेत, त्यांची पूजा करावी, अशी अट नाही. विवरण करावे, आणि तेही नेमाने. त्यापाठोपाठ मराठी ओळी येतात, आणि भाषा एकदम बाजारात उतरते. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला. घाण्यामागे तेल. दाम, विसोवा अशी नाण्यांची आणि हिश्शांची नावे. ज्यांनी हे द्यायचे ते पेठेतले लोक संस्कृत वाचणारे नव्हते, म्हणून त्यांना समजेल अशा बोलीत लिहिले. मराठीतल्या आरंभीच्या कोरीव लेखांत या ओळींची गणना होते, आणि त्या गणिताच्या शाळेच्या अंदाजपत्रकाच्या ओळी आहेत, हे क्वचितच कोणी ध्यानात घेते. वंशावळीतले श्लोक काढून टाकले तरी मठ चालला असता; या ओळी काढल्या असत्या तर बंद पडला असता.

इथे एक आक्षेप टाळून चालणार नाही. घाण्यावरचे तेल ज्याने दिले त्याच्या पोराला त्या मठात जागा नव्हती. विवरण ऐकणारे कोण असावेत हे लेखात वेगळे लिहिलेले नाही, पण संस्कृत ग्रंथांच्या मठात बाराव्या-तेराव्या शतकात कोण बसत असतील ते सांगायला लेखाची गरज नाही. बायकांनाही जागा नव्हती, मग लीलावतीच्या नावाभोवती कितीही कथा रचल्या गेल्या असोत. म्हणजे मांडून दाखवणे जिवंत माणसावर सोपवण्याची किंमत ही होती की तो माणूस ज्यांच्यापुढे पाटी मांडील त्यांनाच विद्या मिळे. खुल्या दगडावर समीकरण असते तर ते निदान दिसले तरी असते, असे कोणी म्हणू शकेल. दिसले असते हे खरे. कळले असते असे मात्र नाही. पण बंदिस्तपणाचा दोष रीतीला चिकटलेलाच आहे, आणि रीत थोर होती म्हणून तो धुऊन निघत नाही.

पाटणच्या मठाचे पुढे काय झाले ते इतिहासात दिसत नाही. देवगिरीच्या यादवांचे राज्य तेराव्या शतकाच्या अखेरीस हादरले आणि चौदाव्याच्या सुरुवातीला संपले. दान देणारी पेठच उरली नाही तर विवरण कुठून चालणार. चाळीसगावजवळच बहाळ इथे शके ११४४ चा, म्हणजे १२२२ सालचा आणखी एक लेख आहे. भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा नातू अनंतदेव हाही सिंघणाचा ज्योतिषी. त्याने बहाळला भवानीचे देऊळ बांधले. ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातल्या छंदांच्या गणिताच्या प्रकरणावर आणि वराहमिहिराच्या बृहज्जातकावर त्याने टीका लिहिल्याचा त्या लेखात उल्लेख आहे. वृत्तांच्या लघु-गुरूंचे किती प्रकार होतात हे मोजणारे ते प्रकरण. त्यावर टीका लिहिणाऱ्याने देऊळ बांधले आणि दगडावर टीकेचे फक्त नाव ठेवले. दुसऱ्या गावी, दुसऱ्या शाखेत, तीच रीत. श्लोक मात्र फिरत राहिले. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारी फैजीने लीलावतीचे फारसी भाषांतर केले, आणि पुढे चारच वर्षांत हाच फैजी अकबराचा वकील म्हणून खानदेशच्या फारूकी सुलतानाकडे बुऱ्हाणपूरला आला. भास्कराचार्यांच्या प्रांतात लीलावतीचा भाषांतरकार राजकारणाच्या कामाला येतो, हा योगायोगच. त्यातून फार काही काढू नये.

पोथ्यांच्या बाहेर, खानदेशच्या बाजारात, गणित मांडण्याची आणखी एक रीत शतकानुशतके चालू होती, आणि तिला मठ लागत नव्हता. मोडीतल्या रोजमेळात आणि खतावणीत आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयाच्या हिशेबात तीच रेघ चार आण्यांची झाली आणि सुट्या आण्यांसाठी आडव्या वा तिरक्या रेघा आल्या. अंश नाही, छेद नाही, मधली रेघ नाही, तरी अपूर्णांक डोळ्याला झटकन कळतो. यामागेही पाठांतरच होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पंतोजीच्या शाळेत मुले औटकी म्हणत, म्हणजे साडेतिनाचा पाढा. तो येत असेल तर साडेतीन मणाचा हिशेब करायला पाटीची गरज पडत नाही. जळगाव-धुळ्याच्या कापसाच्या आणि धान्याच्या पेढ्यांवर हीच खूण चालली. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि रेघांची ही लिपी एका पिढीत विसरली गेली. त्यात कोणाचा दोष नव्हता. जे मोजायचे तेच बदलले.

मराठीत समीकरण छापायची वेळ एकोणिसाव्या शतकात आली. मुंबईत १८२० च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्र्यांच्या मदतीने हटन यांच्या इंग्रजी गणितावरून मराठी पुस्तके करवली आणि ती शिळाछापावर काढली. हे तंत्र गणिताला सोयीचे होते, कारण खिळे जुळवण्याची भानगड नाही. हस्ताक्षरात जसे लिहावे तसे उमटते: अपूर्णांकाची रेघ, वर चढवलेला घातांक, भूमितीची आकृती, सगळे एकाच हाताने. समीकरण अखेर दगडावर आले ते असे, आणि प्रती निघाल्या की तोच दगड घासून दुसऱ्या पानासाठी घेत. धूळपाटीसारखेच म्हणा. खिळ्यांच्या छपाईत ही लवचीकता गेली. देवनागरीचा टंक आधीच किचकट. अक्षराच्या वर मात्रा, खाली उकार, जोडाक्षरांचे वेगळे खिळे. त्यात एका ओळीवर दुसरी ओळ असलेले समीकरण बसवायचे म्हणजे जुळाऱ्याची परीक्षा. कोलब्रुकने १८१७ मध्ये लंडनला भास्कराचार्यांचे बीजगणित इंग्रजीत छापले तेव्हा त्याने ‘या’ आणि ‘रू’ रोमन लिपीत घेऊन पोथीतली वर-खाली मांडणी आणि ऋणावरचे टिंबही राखले होते. मराठी छापखान्यांनी सोपा मार्ग धरला: मांडणी युरोपची घेतली, अक्षरे आपली ठेवली. अज्ञाताला ‘क्ष’, दुसऱ्याला ‘य’. पिढ्यान् पिढ्या मराठी मुलांनी ‘समजा क्ष’ म्हणूनच बीजगणिताला सुरुवात केली.

याच काळात खानदेशात गणित उलगडून सांगण्याचे काम एका शिक्षकाच्या हातून झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित मूळचे दापोलीकडच्या मुरुडचे. १८९० च्या आसपास काही वर्षे ते धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिक्षक होते. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा मोठा मराठी ग्रंथ १८९६ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी सेवेलबरोबरचे ‘द इंडियन कॅलेंडर’ही. शिलालेखांतल्या शक, संवत्सर आणि तिथी यांचा मेळ लागतो की नाही हे तपासण्याची रीत या दुसऱ्या पुस्तकाने कोष्टकांच्या रूपाने सगळ्यांच्या हाती दिली. पाटणच्या लेखात आढळतो तसला एका वर्षाचा फरक ओळखायला पूर्वी सिद्धान्तग्रंथ जाणणारा ज्योतिषी गाठावा लागे. आता कोष्टक उघडून बेरीज-वजाबाकी केली की काम भागे. विवरण करणाऱ्याला एका मठात बसवून ठेवण्याऐवजी विवरणच पानावर बसवण्याचा हा प्रयत्न. आणि तो करणारा माणूस शिक्षक घडवणाऱ्या सरकारी शाळेच्या पगारावर जगत होता, हेही सोडून चालणार नाही. दान देणारा बदलला, देणे तेच राहिले.

कॉम्प्युटर आल्यावर हा प्रश्न संपला असे पुष्कळांना वाटते. डोनाल्ड क्नुथ यांना १९७७ मध्ये स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे इतकी ओबडधोबड दिसली की त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून गणित जुळवणारा ‘टेक’ हा प्रोग्रॅम लिहायला घेतला, आणि पुढच्या वर्षी तो चालू केला. त्याची रीत पाहिली तर ती भास्कराचार्यांना परकी वाटली नसती. समीकरण एका ओळीत, ठरावीक शब्दांनी लिहायचे: आधी अपूर्णांकाचा इशारा, मग अंश, मग छेद. ती ओळ कुठेही नेता येते, पाठवता येते, उतरवता येते. तिच्यावरून यंत्र वर-खाली मांडणी उभी करते. जपायचे रूप सरळ, दाखवायचे रूप पसरलेले. श्लोक आणि न्यास यांच्यात जी वाटणी होती तीच. कंस एक चुकला तर यंत्र अडते, जसे वृत्त मोडले तर कान अडतो. १९९१ मध्ये फ्रान्स वेल्थुइस यांनी ‘टेक’मध्ये देवनागरी आणली, त्यामुळे मराठी मजकुरात समीकरण बसवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य झाले.

पण मांडणी यंत्राने केली म्हणून विवरण झाले, हे खरे नाही. यंत्र दहातले सहा कुठे लिहायचे ते सांगते, का वजा करायचे ते सांगत नाही. पाटणच्या मठाची अट दुसऱ्या भागाची होती. आज मराठीत समीकरणाच्या चर्चेत वाद कशावर होतो, तर अक्षरांवर: ‘क्ष’ ठेवावा की रोमन ‘एक्स’ घ्यावा, देवनागरी आकडे की आंतरराष्ट्रीय. पाठ्यपुस्तकांनी बव्हंशी दुसरी बाजू घेतली आहे, आणि माझ्या मते त्यात मोठे नुकसान नाही. भास्कराचार्यांनी अज्ञातांना रंगांची नावे दिली ती ओळखू यावीत म्हणून; रंग बदलले असते तरी घोडा शंभरालाच पडला असता. नुकसान होते ते पायऱ्या गाळल्या जातात तिथे. बाजारातल्या गाइडांत प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या ओळी कागद वाचवण्यासाठी कापलेल्या असतात, आणि मुलाला समीकरण सुटलेलेच दिसते, सुटताना दिसत नाही. त्या मधल्या ओळी फळ्यावर लिहून दाखवायला तासिका लागतात, तासिकांना शिक्षक लागतो आणि शिक्षकाला पगार. रिकाम्या जागा न भरलेल्या शाळेत कोणताही प्रोग्रॅम त्या ओळी लिहून देत नाही.